लाख वजा जाता

“ही माळ तुमच्याकडे कशी आली?” पोतदारांनी विचारलं आणि हलणारं पारडं बोटाने धरून थांबवलं. मुरारीला आधी वाटलं, प्रश्न रिवाजाचा असेल. सोन्याच्या नियंत्रणाचा कायदा आल्यापासून महाडच्या पेठेतले सोनार जपून बोलत होते. चौदा कॅरेटच्या वर घडवायचं नाही, जुनं घेतलं तर कोणाचं, कुठलं ते विचारायचं, असं काहीबाही त्याने एस.टी. स्टँडवर पेपर वाचणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणून तो सरळ म्हणाला, “माझ्या मंडळींची आहे. माहेरची.” पोतदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. बोरमाळेचे मणी एकेक करून बोटांखालून घालवले, एका मण्यापाशी थांबले आणि माळ पुन्हा लाल फडक्यावर ठेवली. “राग मानू नका. हा दोरा आणि हा गोंडा माझ्या दुकानातला आहे. जुना कुजला होता, मीच बदलून दिला. आणि हा चेपलेला मणी माझ्या लक्षात आहे. गेल्या दिवाळीच्या आधी एक बाई घेऊन आल्या होत्या. उमरठकडच्या म्हणाल्या, कपाळावर गोंदण होतं. विकायची नव्हती, मोडली तर काय येईल एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, बाई, बरोबर कोणी आलं नाही? तर म्हणाल्या, घरात पुरुषमाणूस नाही. म्हणून तुम्हाला विचारलं. गैरसमज करून घेऊ नका.”

मुरारीने गैरसमज करून घेतला नाही. काय करून घ्यावं हेच त्याला कळेना. “ती माझीच बायको,” तो म्हणाला, आणि आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे त्याच्या लक्षात आलं. स्वतःच्या बायकोची ओळख पटवायला त्याच्यापाशी काय होतं? कपाळावरचं गोंदण पोतदारांनी आधीच सांगून टाकलं होतं. हातावरचंही गोंदण आहे म्हणावं, तर तेही त्यांनी पाहिलं असणार. पोतदारांनी मान हलवली, विश्वास बसल्यासारखी किंवा विषय मिटवल्यासारखी, आणि ते किमतीकडे वळले. बोरमाळेची गोष्ट निराळी, ते सांगू लागले. मणी पोकळ, वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरलेली. तराजू दोन्हींचं मिळून वजन सांगतो. सोनं किती ते मोडल्याशिवाय कुणाच्या बापाला कळायचं नाही. “अंदाजाने देणार असाल तर आधीच सांगतो, मी माप माझ्याकडे झुकतं धरीन. मोडून द्यायची तर तुमच्यासमोर मोडतो. लाख वजा जाता जे उतरेल त्याचा पुरता भाव देतो. पण मोडल्यावर मग नको म्हणता यायचं नाही. बाईंनाही मी हेच सांगितलं होतं.” बाईंनाही. मुरारीने माळ रुमालात बांधली, विचार करून येतो म्हणाला, आणि उन्हात आला.

पेठेत जत्रेचा छबिना होऊन चार दिवसही झाले नव्हते. वीरेश्वराच्या देवळाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाळणेवाल्यांनी रोवलेल्या खांबांचे खड्डे अजून तसेच होते, आणि मुरारी एका खड्ड्याला वळसा घालून दुसऱ्यात पाय घालता घालता वाचला. घरात पुरुषमाणूस नाही. हे वाक्य त्याने दोन-तीनदा तुळसाच्या आवाजात म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते ‘पुरुषमाणूस नाय घरात’ असं झालं असणार, आणि तसं म्हटलं की त्यात काही वावगं उरत नव्हतं. नव्हताच की तो घरात. पोलादपूरच्या वर उमरठकडे असलेल्या गावात त्याची आई, तुळसा आणि दोन म्हशी. तो इथे महाडच्या स्टँडवर कंट्रोलर, थोरला भाऊ हैबती मुंबईला गिरणीत. डोंगरातल्या दर दुसऱ्या घरातली बाई असंच सांगते, घरात पुरुषमाणूस नाही, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. पण ती हे सांगत होती तेव्हा पुरुषमाणूस सोनाराच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर स्टँडच्या खिडकीत बसलेला होता. तिथपर्यंत आलं की ते साधं वाक्य पुन्हा वाकडं व्हायचं. आणि वाकडं झालं की मुरारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

ती आली असेल ती एस.टी.नेच. दुसऱ्या कशाने येणार? पोलादपूरची गाडी स्टँडात शिरली की त्याच्या खिडकीसमोर उभी राहते. उतरणारं प्रत्येक माणूस खिडकीवरून जातं. मुंबईला जाणारे चाकरमानी, कोर्टात तारखेला आलेले म्हातारे, आजारी पोर खांद्यावर टाकून दवाखाना विचारणाऱ्या बाया, सगळ्यांना तो बघतो. बघतो म्हणजे बघत नाही. डोकी मोजल्यासारखी नजर फिरते आणि तोंड पुढच्या गाडीचं नाव ओरडत असतं. गेल्या दिवाळीआधीचा एखादा दिवस त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आणि चमत्कार असा की तो दिवस लगेच समोर आला. हिरवं लुगडं, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, पाठमोरी बाई स्टँडाच्या दारातून पेठेकडे वळतेय. तो हबकला. हे खरंच पाहिलेलं, की आत्ता पोतदारांच्या दुकानातून बाहेर पडताना मनाने रचलेलं? तुळसाचं हिरवं लुगडं होतं खरं. पण ते तिने त्या दिवशी नेसलं होतं हे तो कशावरून म्हणत होता? पाठमोरी दिसली असेल तर त्या क्षणी ओळख कशी पटली नाही, आणि ओळख पटली नव्हती तर पाच महिन्यांनी आठवण तरी कशी राहिली? एका लुगड्याने त्याचं डोकं शिणवलं.

माळ मोडायचं तीच म्हणाली होती. महाशिवरात्रीला उपासाची रताळी सोलताना, जसं काही मीठ संपलंय सांगावं तसं. पोलादपुरात रस्त्यालगत कुशाबाचा जमिनीचा एक तुकडा निघाला होता. दोन खोल्या बांधता येतील एवढा, मागे एक फणस. मुरारी त्याच्याबद्दल गेले पंधरा दिवस बोलत होता. बोलत होता म्हणजे मनातल्या मनात हिशेब करून मधूनच सुस्कारा टाकत होता. “बोरमाळ मोडा नि घ्या ती,” ती म्हणाली. “इसाराला पुरून वर उरतील.” आणि मग, “पण पहिल्यानं मागितली म्हणून देऊ नका. चार ठिकानी इचारा.” बापाने घातलेली एवढी एकच वस्तू, तीही नवऱ्याच्या घरासाठी काढून दिली, असं त्याने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या रावजीलाही. रावजी म्हणाला होता, नशीबवान आहेस. आता त्याला ते ‘पुरून वर उरतील’ आठवलं. केवढ्या खात्रीने म्हणाली होती. बाईमाणसाला कसं कळलं, असा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

दुसरं दुकान मारवाड्याचं. तिथे कुणी काही विचारलं नाही. पेढीवरच्या माणसाने माळ हातात घेतली, एक मणी कसोटीवर ओढला, दगडावरची पिवळी रेघ उजेडात धरली, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मुरारीने मनात धरला होता त्याहून चांगला. “अभी घेऊन जायचे तर अभी देतो. सांजपर्यंत भाव बदलला तर मी काय बोलू शकत नाही.” लाख किती धरली, मुरारीने विचारलं. “तुम्ही लाख कशाला बघता? तुम्ही पैसा बघा.” हे रोखठोक होतं, आणि पोतदारांच्या बोलण्यापेक्षा सोपं होतं. तरी मुरारीचा हात माळेवरून निघेना. इथे कुणी ‘कशी आली’ विचारलं नाही, म्हणून तो सुखावायला हवा होता. पण न विचारल्यामुळे त्याला चोरून आणल्यासारखं वाटू लागलं. आणि शिवाय एक वेगळाच किडा डोक्यात शिरला. ती इथेही आली असेल का? याच गादीच्या कडेला, एक पाय खाली सोडून, रुमालाची गाठ दाताने सोडत? विचारावं तर कसं? माझी बायको तुमच्याकडे आली होती का, हे कुठला नवरा दुकानात विचारतो? त्याने माळ उचलली. पेढीवरच्या माणसाने खांदे उडवले आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

चार ठिकाणी विचारा, ती म्हणाली होती. तिसरं ठिकाण पोलादपूर. बोरमाळ जिथे घडली तिथे. मुरारीने रजा टाकलेली होतीच. दुपारच्या गाडीत तो पासावर चढला, आणि कंडक्टर ओळखीचा असल्यामुळे पुढच्या बाकावर बसून त्याला उगाच हसावं लागलं. सावित्रीच्या कडेकडेने गाडी चालली होती. नदीत पाणी कमी आणि खडक जास्त दिसत होते. समोर बसलेली बाई कोंबडी मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती. मुरारीला वाटलं, आपण उलट्या बाजूने जातोय. ती वरून खाली आली असेल, आधी पोलादपूर आणि मग महाड. आपण आधी महाड आणि आता पोलादपूर. दोघांनी एकाच माळेचा भाव एकाच रस्त्यावर काढला, पण भेट काही झाली नाही. कशाला हवा होता तिला भाव? आजारी होती का? कुणाचं देणं होतं का, तिच्या भावाचं? आईने काही मागितलं? प्रत्येक कारण थोडा वेळ पटायचं. मग त्याच्या लक्षात यायचं की यातलं काहीही असतं तर ती त्याच्या खिडकीशी आली असती. निदान सांगितलं तरी असतं, नंतर. तुळशीच्या लग्नानंतर ती ट्रंक घेऊन महाडला राहायला आली, त्यालाही आता चार महिने झाले. खानावळीचं जेवण बाधतंय म्हणून त्याने बोलावून घेतली होती. चार महिने रोज रात्री दोन हातांवर ती झोपते. सांगायला काय झालं होतं?

भाद्रपदाची गोष्ट त्याला गाडी पुलावर चढत असताना आठवली, आणि आठवली म्हणजे आतापर्यंत ती इथेच कुठेतरी बाजूला बसून होती असं वाटलं. गौरी-गणपतीला हैबती मुंबईहून आला होता. रात्री आरत्या झाल्यावर ओटीवर तो, हैबती आणि आई. हैबतीने विडी पेटवली आणि म्हणाला, “मुरारी, अकरा सालं झाली तुझ्या लग्नाला. आता वाट बघन्यात काय अर्थ नाय. पलीकडच्या वाडीत महिपतची पोर हाय, आवडी. तो देतोय.” आई म्हणाली, “तुळसाला कुनी घालवत नाय. ती ऱ्हाईल तशीच. घरात पोर हवं ना रे.” मुरारी खांबाला टेकून बसला होता. त्याला हे नको होतं. नको होतं हे त्याला अगदी लख्ख माहीत होतं, पायात काटा मोडावा इतकं. पण थोरल्या भावासमोर आणि आईसमोर बायकोसाठी नको म्हणायचं, याला तोंड कुठून आणावं ते त्याला समजलं नाही. मग त्याला वाट सापडली. “सरकारी नोकरी हाय,” तो म्हणाला. “दुसरं लगीन कायद्यात बसत नाय. कुनी अर्ज केला तर नोकरी जाईल.” हैबतीने विडी विझवली. नोकरी जाईल म्हटल्यावर आईनेही पुढे रेटलं नाही. विषय संपला, आणि मुरारी आपल्या हुशारीवर खूश होऊन झोपला. आत चुलीपाशी तुळसा भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज सबंध वेळ चालू होता, एकदाही थांबला नव्हता. म्हणून तिने काही ऐकलं नाही असं त्याने धरून टाकलं होतं. आता गाडीच्या खडखडाटात बसून त्याला दुसरंच वाटू लागलं. ज्याला ऐकायचं असतं तो हातातलं काम थांबवतो. पण जो ऐकतोय हे कुणाला कळू द्यायचं नसतं, तो घासतच राहतो. आणि तिने ऐकलं असेल तर काय ऐकलं? नवऱ्याला दुसरी नको, हे नव्हे. नवऱ्याला नोकरी घालवायची नाही, एवढंच.

चांगूशेठ सोनाराचं दुकान पोलादपूरच्या बाजारात होतं तिथेच होतं, पण दारात कंदिलांची रांग लावलेली होती. परवाना त्याने परत केला होता. सोन्याचं काम सुटल्यापासून म्हातारा त्याच भट्टीवर लोकांच्या गळक्या कंदिलांना आणि स्टोव्हना डाक लावून द्यायचा. त्याने काळ्या हाताने माळ घेतली, डोळ्यांशी नेली, दूर धरली. “माझीच. तुझ्या सासऱ्यानं बैलजोडी इकली त्या साली केलेली. आता मला दिसत नाय रे धड. मी घेऊ पन शकत नाय.” मग त्याने माळ हातात तोलून एक अंदाज सांगितला, आणि तो मारवाड्याच्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. मुरारी म्हणाला, महाडात यापेक्षा जास्त देतात. “देत असतील. मग दे त्यांना.” म्हाताऱ्याने कंदील उचलला, पुन्हा ठेवला. “तिला पन मी हेच सांगितलं. तिचा इश्वास बसला नाय. म्हनाली, मी महाडला जाऊन बघते. म्हटलं जा, बघ. मी खोटं कशाला बोलीन गो तुला, तुझ्या बापानं भाव केला नव्हता माझ्याशी.” मुरारीने विचारलं, “कशाला हवेत म्हणाली पैसे?” चांगूशेठने त्याच्याकडे पाहिलं. धुराने लाल झालेले डोळे, त्यांत आश्चर्यही नव्हतं आणि हुशारीही नव्हती. “तुला नाय म्हनाली, ती मला म्हनंल?” एवढं बोलून त्याने भात्याला हात घातला.

या नव्या आकड्याने सगळंच आणखी धूसर झालं. परतीच्या गाडीत मुरारीने तिन्ही माणसं शेजारी शेजारी उभी करून पाहिली. ज्याने माळ घडवली त्याचा आकडा सगळ्यांत कमी. म्हणजे खरा तोच असणार, कारण आत लाख किती घातली ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्याला दिसत नव्हतं आणि इतक्या वर्षांपूर्वीचं आठवत असेल याचा भरवसा नव्हता. मारवाड्याचा आकडा सगळ्यांत जास्त. मग तो तोट्यात जातोय का, की भावात आणि मापात असं काही करतोय जे आपल्याला दिसत नाही? आणि पोतदारांनी आकडा दिलाच नाही. त्यांनी फक्त मोडा म्हणून सांगितलं. तो हे सगळं मनात घोळवत होता आणि त्याला कळत होतं की आपण भावाचा विचार करत नाही आहोत. तिने पैशांचं काय करायचं ठरवलं होतं, याच्याभोवती आपण फिरतोय, आणि तिथे जायला भीती वाटते म्हणून मध्ये लाख, कस, माप आणून ठेवतोय. ती सोडून जाणार होती. हे वाक्य त्याने एकदा पुरतं मनात म्हटलं. म्हटल्यावर ते खरं वाटलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही. समोरच्या बाकावरचा माणूस विडी विझवून कानावर ठेवत होता. तुळसा सोडून जाणार होती आणि मग गेली नाही. उलट ट्रंक घेऊन त्याच्याकडे आली. की त्याने बोलावली म्हणून आली? बोलावलं नसतं तर? आणि त्याने बोलावलं ते खरोखर खानावळीच्या जेवणासाठी का?

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. तुळसा उंबऱ्याशी बसून सुपातली सुकट निवडत होती. त्याने रुमाल तिच्यासमोर ठेवला. तिने गाठ न सोडताच ओळखलं.

“दिली नाय?”

“भाव जुळेना. एक एक सांगतो, दुसरा दुसरं सांगतो.”

“कुनाकुनाला इचारलं?”

“मारवाडी.” तो थांबला. “पोतदार.”

सुपातली बोटं चालत राहिली. एक काडी निघाली, ती बाहेर पडली. दुसरा खडा निघाला, तोही बाहेर पडला. मुरारी त्या बोटांकडे बघत राहिला. ती थांबली असती तर त्याला बरं वाटलं असतं. “आणि चांगूशेठकडे जाऊन आलो,” तो म्हणाला.

“पोलादपूरला जाऊन आलात?”

“हो.”

“मग आता ऱ्हायलं कोन इचारायचं,” ती म्हणाली. सूप एकदा पाखडलं. “पोतदाराला देऊ. त्यानं तोंडावर सांगितलं का मी माझ्याकडं झुकतं धरीन. बाकीचे पन धरतात, सांगत नायत. उद्या मी येते संगती.” यावर मुरारीने हो म्हटलं. तिला कळलंय की आपल्याला कळलंय, हे त्याला दिसत होतं, आणि तरीही ते दोघं पोतदारांच्या झुकत्या मापाबद्दल बोलत होते. रात्री जेवण झालं. तिने त्याला दोनदा कालवण वाढलं. सुकट खारट झाली आहे का तिने विचारलं आणि तो नाही म्हणाला, वास्तविक झाली होती.

सकाळी पोतदारांनी दोघांना बघितलं आणि एकदाच, अगदी थोडं, चष्म्यावरून तुळसाकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. “हे माझे मालक,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी एकटी व्हते.” पोतदार म्हणाले, बसा. त्यांनी दोघांसमोर मणी दोऱ्यातून काढले. दोरा आणि गोंडा बाजूला राहिला. मग दिव्यावर फुंकणीने जाळ लांबवून एकेक मणी धरला. मणी गरम झाला की भोकातून काळा रस डोकावायचा, फुगा यायचा आणि करपट, गोडसर वास पसरायचा. लाख निघालेला मणी चिमट्याने चेपून पोतदार वाटीत टाकायचे. तेव्हा आवाज असा व्हायचा की तो सोन्याचा नसावाच, वाळल्या पानाचा असावा. तुळसा पुढे झुकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख आहे का ते मुरारी शोधत होता. स्वयंपाक बघणाऱ्या बाईसारखा तिचा चेहरा होता, भात शिजला की नाही ते बघणारा. मध्येच एकदा ती म्हणाली, “केवढी लाख. गळ्यात घालून फिरत व्हते मी सगळी.” पोतदार हसले. मुरारी हसला नाही, आणि मग आपण हसायला हवं होतं असं त्याला वाटलं.

लाख वजा जाता जे उतरलं ते चांगूशेठच्या अंदाजाहून चांगलं आणि मारवाड्याच्या आकड्याहून किंचित कमी. म्हणजे मारवाडी चुकला असता, किंवा नंतर काहीतरी कापून घेतलं असतं. ते आता कळणार नव्हतं. पोतदारांनी पावतीपुस्तक घेतलं आणि नाव विचारलं. मुरारीने तोंड उघडलं, पण त्याआधीच तुळसा म्हणाली, “माझं घाला. तुळसा मुरारी शेलार.” मोजलेल्या नोटा तिने पुन्हा मोजल्या नाहीत. रुमालात बांधल्या, रुमाल कमरेला खोचला, आणि दोघं कुशाबाला इसार द्यायला म्हणून स्टँडवर आले.

पोलादपूरची गाडी लागायची होती. खिडकीत रावजी होता. त्याने हात केला आणि मुरारीने केला. बाकावर ती बसली, तिच्याशेजारी एक हात अंतर ठेवून तो. या बाकावर तो आजवर कधी बसला नव्हता. इथून खिडकी उंच दिसत होती आणि आतलं माणूस छातीपासून वरच दिसत होतं. त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा होता, गाडीची वेळ सांगावी तसा. “त्या पैशांचं काय करणार होतीस?”

ती लगेच बोलली. वाट बघत असावी तशी. “बघत व्हते, एकटीला किती दिवस पुरतील. भावाकडं नाय जायचं. कुनाच्या ओटीवर नाय पडायचं. इथंच कुठंतरी खोली घेऊन, भाकऱ्या भाजून द्यायच्या खानावळीला.”

“पुरले नसते?”

“पुरले असते,” ती म्हणाली. “चांगले पुरले असते.”

एक गाडी आली ती खेडची. लोक उठले आणि बसले. मुरारीला हलकं वाटायला हवं होतं. पैसे कमी पडले म्हणून ती राहिली नव्हती. पण मग ती कशाने राहिली ते समोर उघडं पडलं, आणि ते काय आहे हे त्याला ओळखता येईना. “मग गेली का नाहीस?”

यावर मात्र तिने खिडकीकडे पाहिलं, रावजी तोंडापाशी हात धरून काहीतरी ओरडत होता. “तेच मला पन समजलं नाय,” ती म्हणाली. “पोतदाराकडून आले ती हितं उभी ऱ्हायले, त्या खांबापाशी. तुमी खिडकीत व्हतात. एका म्हाताऱ्याला कायतरी सांगत व्हतात, त्याला ऐकायला येत नव्हतं. हाक मारावी का नको, ठरना. जावं का नको तेबी ठरना. मग पोलादपूरची गाडी आली, त्यात बसले. तुमचा निरोप आला तवापन ठरलं नव्हतं. ट्रंक भरली तवापन नाय.”

“आणि आता?”

“आता मोडली ना,” ती म्हणाली.

ती तक्रार होती की त्याची समजूत घालणं होतं, मुरारीला सांगता आलं नसतं. तिच्या आवाजात दोन्ही नव्हतं. मोडली, एवढंच. पोलादपूरची गाडी येऊन लागली. ती पुढे झाली, गर्दीतून वाट काढत चढली आणि खिडकीजवळ बसली. तो मागून आला. गाडी स्टँडातून बाहेर पडते न पडते तोच तिने कमरेचा रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला. “हे धरा. मला गाडी लागते. पहिल्या वळणापतुर गेलं तरी मळमळतं.” आणि पदराचं टोक नाकाशी धरून तिने डोकं खिडकीच्या गजांना टेकवलं, डोळे मिटले.

अकरा वर्षं. एस.टी.त नोकरी करणाऱ्या माणसाच्या बायकोला गाडी लागते, हे त्याला आत्ता कळत होतं. त्या दिवशीही ती अशीच आली असणार, गजाला डोकं टेकून, डोळे मिटून, आणि अशीच परत गेली असणार. त्याने रुमाल दोन्ही हातांनी धरला. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण तिला बोलायला लावून चालणार नव्हतं, मळमळ वाढली असती. “काच आणखी उघडू का?” त्याने हळूच विचारलं. तिने डोळे न उघडता मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे न कळून त्याने हात काचेवर तसाच ठेवला.